अक्कांची हुग्गी आणि मनालीचं बर्फ

"तुमच्या त्या हॉटेलात पहाटे पाचला स्वयंपाकघर उघडं असतं काय ओ?"

ट्रॅव्हलच्या धंद्यात सोळा वर्षं काढली, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी अभिमानाने म्हटलं, "अक्का, आठपासून बुफे आहे. चाळीस पदार्थ!"

"बुफे तुम्ही खावा. मला डाळ शिजवायची आहे."

अक्का आणि त्यांचे यजमान अण्णा यांचं चिकपेटेत सिल्क साड्यांचं दुकान आहे. घराणं मराठी, पण बेंगळुरूत तिसरी पिढी. साडीवाल्यांना सुट्टी मिळते ती धनुर्मासात, कारण तेव्हा लग्नं नसतात. म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मनाली ठरलं होतं. हट्ट अक्कांचा. वयाची साठी उलटली तरी बर्फ पाहिलं नव्हतं. "पडलेलं नको," त्या म्हणाल्या होत्या, "ते फ्रीजमध्ये पण असतं. पडताना बघायचं." इतक्या वर्षांत अण्णा पहिल्यांदाच 'हो' म्हणाले होते. पुन्हा म्हणतील याची खात्री अक्कांनाही नव्हती.

माझं माहेर पुण्याचं. आमच्याकडे धुंधुरमास म्हणजे एखादा दिवस बाजरीची भाकरी आणि लोणी, की झालं. अक्कांकडे महिनाभर रोज सूर्य उगवायच्या आत हुग्गीचा, म्हणजे मुगाच्या खिचडीचा नैवेद्य. हे मी विचारलंच नव्हतं. मॉल रोडवरचं उत्तम हॉटेल बुक करून मोकळी झाले होते.

समोर बसलेले अण्णा म्हणाले, "चार दिवस देवाला सांग की, स्वल्प अडजस्ट कर म्हणून."

"तुम्ही अडजस्ट करा. नैवेद्य चुकवून मी येणार नाही. सरी, ठीक आहे, राहू दे मनाली." अक्कांनी पर्स उचलली. टेबलावरचं मनालीचं माहितीपत्रक मात्र त्यांनी घडी करून आत टाकलं. मलाच वाईट वाटलं.

मी दोन दिवस मागून घेतले. हॉटेल म्हणालं, गेस्टला किचनमध्ये प्रवेश नाही. बेंगळुरूतल्याच आमच्या एचएसआर लेआउटच्या ऑफिसात बॉस खवळले. "पीक सीझन आहे! खिचडीसाठी रूम सोडतेस?"

"सर, खिचडी नाही तर क्लायंट नाही."

"त्यांना पोहे चालतील का विचार."

"तुम्हीच विचारा. नंबर देऊ?"

सर लगेच दुसऱ्या मीटिंगला गेले.

मग मी होमस्टे शोधायला बसले. सात ठिकाणी फोन केले. सगळ्यांना वाटलं, मी चेष्टा करतेय. आठव्या ठिकाणी देवकीजी नावाच्या मालकीणबाई होत्या. त्या हसल्या. "आमची चूल चारलाच पेटते. दीदींना म्हणावं, या खुशाल." मी तिथल्या तिथे बुकिंग केलं. आयटिनररी, म्हणजे रोजचा कार्यक्रम, त्यात सूर्योदयाची वेळही टाकली. असली आयटिनररी लिहिणारी बहुधा मी एकटीच.

अक्का-अण्णा मनालीला पोचले, आणि तीन दिवस आकाश निरभ्र. आमच्या भाषेत 'स्नो पॉइंट' म्हणजे टॅक्सीवाला जिथे बर्फ दाखवायला नेतो ती जागा. अण्णांनी फोटो पाठवला, पाठोपाठ फोन. "मॅडम, हा चिखल आहे ओ!" बर्फाची गॅरंटी आम्ही कधीच देत नाही, ते मी पुन्हा सांगितलं. अक्का फोनवर आल्या नाहीत. देवकीजींकडून कळलं, त्या नीट जेवल्याही नाहीत.

चौथ्या दिवशी परत निघायचं. चंदीगडहून संध्याकाळची फ्लाइट, म्हणून गाडी पहाटे साडेपाचला सांगितलेली. सहाला माझा फोन वाजला.

"गाडी उभी आहे, ही उठत नाही चुलीपुढून! तुम्ही सांगा!" अण्णा तापले होते.

अक्कांनी फोन घेतला. "डाळ अजून कच्ची आहे बघा. काय करू?"

आधीचे तीन दिवस घाई नव्हती म्हणून कुणाला जाणवलं नाही, पण उंचावर उघड्या पातेल्यात डाळ शिजायला वेळ लागतो. हे मी आधी सांगायला हवं होतं. चूक माझी.

"अक्का, कुकर लावा ना!"

"नैवेद्याला शिट्टी चालत नाही."

"अहो, फ्लाइट चुकेल!"

"दहा मिनिटं द्या."

दहाची पंचवीस झाली. फोन तसाच चालू. मागे अण्णांची बडबड, टॅक्सीवाल्याचा हॉर्न. मी इकडे अंथरुणात डोकं धरून बसलेली. मग अण्णांचा आवाज एकदम थांबला.

"काय झालं अण्णा?"

"पडतंय ओ," ते हळूच म्हणाले. "मॅडम, पडतंय!"

अक्का पळी घेऊनच अंगणात गेल्या म्हणे. मला नुसतं त्यांचं हसू ऐकू येत होतं, लहान मुलीसारखं, थांबतच नव्हतं. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू! पाचव्या मिनिटाला मात्र मी ओरडले, "अक्का, आता गाडीत बसा!"

नैवेद्य दाखवून, हुग्गी डब्यात भरून ते निघाले. विमानतळावर धावतपळत पोचले, पण पोचले. साडेपाचला निघाले असते, तर तेव्हा खाली कोरड्या रस्त्यावर असते.

आता आमच्या फॉर्मवर मी एक प्रश्न वाढवलाय: पहाटे किती वाजता उठता? बहुतेक जण लिहितात, सुट्टीत कोण उठतं! त्यांना मी स्नो पॉइंटला पाठवते.