दोनशे बारा नंबरचा वाचक

एल्सिराला वाचनाचं वेड आहे हे सान राफाएलच्या त्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या पातेल्यांना तर ते जरा जास्तच ठाऊक होतं. एप्रिल, म्हणजे तिकडचा पानगळीचा महिना, लागला, पॉप्लरची पानं पिवळी होऊन पाटाच्या पाण्यात पडायला लागली, की घरोघर मेम्ब्रीयो आटवायला ठेवत. हे फळ कच्चं खाल्लं तर तोंड आवळून येतं. पण साखर घालून चार तास ढवळलं, की त्याची विटकरी रंगाची, सुरीने कापता येईल अशी वडी होते. हे चार तास एल्सिरा एका हातात लाकडी डाव आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरून काढायची. पान उलटायची वेळ आली की डाव थांबे, आणि पान रंगतदार असलं की थांबलेलाच राही.

"आई, करपलं," दहा वर्षांची मारिएला वहीतून मान वर न करता म्हणायची.

संध्याकाळी द्राक्षमळ्यातून आलेला रुबेन, तिचा नवरा, दारातच नाक वर करून विचारायचा, "आज कोण मेलं?"

"कुणी नाही. आज लग्न लागलं."

"मग करपायला काय झालं?"

"लग्न भलत्याशीच लागलं," एल्सिरा म्हणायची आणि तळ खरवडायला बसायची.

पुस्तकं यायची ती फुटबॉल क्लबाला लागून असलेल्या वाचनालयातून. एकच खोली, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारनंतर उघडी. ओफेलियाबाई तिथे विणकाम करत बसायच्या. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी कागदी खिसा, खिशात कार्ड आणि कार्डावर पुस्तक नेणाऱ्याचा नंबर आणि नेल्या-परत केल्याच्या तारखा. नावं नाहीत. एल्सिराचा नंबर होता तीनशे चाळीस.

त्या वर्षी, म्हणजे पंच्याण्णव साली, एप्रिलमधल्या एका शुक्रवारी पुस्तक परत करताना तिचं लक्ष सहज कार्डाकडे गेलं. तिच्या बरोब्बर वर २१२ होता. मागच्या आठवड्यातल्या पुस्तकावरही हाच आकडा पाहिल्यासारखं तिला वाटलं. तिने कपाटातून आपण वाचलेली पुस्तकं एकामागून एक काढायला सुरुवात केली. चौदा पाहिली, त्यातल्या अकरांवर २१२. नुसत्या कादंबऱ्या असत्या तर एक वेळ ठीक. पण मधमाश्यांवरचं पुस्तक, ताऱ्यांवरचं पुस्तक, बर्फात अडकलेल्या प्रवाशांचं पुस्तक? ही तर तिची स्वतःची वाट होती, आणि कुणीतरी आधीच चालून गेलं होतं.

"हा दोनशे बारा कोण हो?" तिने विचारलं.

ओफेलियाबाईंनी टाके मोजणं थांबवलं नाही. "नंबर कुणाचा, ते मी पाद्रीबाबांनाही सांगितलेलं नाही."

"पाद्रीबाबांनी विचारलं होतं?"

"सतरा, अठरा. हो."

मग एल्सिराने शोध आपल्याच हातात घेतला. मारिएलाच्या जुन्या गणिताच्या वहीत ती तारखा उतरवून आणू लागली. भांडी घासताना, शाळेचा पांढरा डगला इस्त्री करताना, अंगणात पानांचा ढीग करताना तिच्या डोक्यात तोच आकडा. हा माणूस ऑगस्ट ते मे भरपूर वाचायचा. ऐन हिवाळ्यात, जून-जुलैत मात्र एकही पुस्तक नाही. अशी आठ वर्षं.

"सगळं जग थंडीत शेगडीपाशी बसून वाचतं," ती जेवताना म्हणाली, "आणि हा नेमका तेव्हाच वाचत नाही."

"छाटणी करणारा असेल," रुबेन म्हणाला. "जूनमध्ये आम्हाला मान वर करायला वेळ नसतो."

"आणि उन्हाळ्यात तुम्ही मधमाश्यांवर वाचता?"

"मी नाही वाचत. पण वाचणारा एखादा असेल की. सगळेच माझ्यासारखे शहाणे नसतात."

मारिएलाला या खेळाची गोडी लागली. तिनेच एका शुक्रवारी वहीवर बोट ठेवून दाखवलं, की २१२ च्या तारखा शहाऐंशीच्या नोव्हेंबरमध्ये एकदम संपतात. शेवटचं पुस्तक म्हणजे समुद्रप्रवासाची दोन भागांतली जाडजूड कादंबरी. अकरा तारखेला पहिला भाग नेला आणि अठराला परत केला. दुसऱ्या भागाचं कार्ड कोरं.

"सात दिवसांत साडेपाचशे पानं?" एल्सिरा म्हणाली. "एरवी तीन-तीन आठवडे ठेवणारा माणूस?"

"आवडलं नसेल."

"नसतं आवडलं तर दुसरं काहीतरी नेलं असतं. याने वाचनच सोडलं, मारिएला. माणूस असं का करतो?"

"मेला असेल," मारिएला शांतपणे म्हणाली.

एल्सिराने तो पहिला भाग घरी आणला. तीनशे सातव्या पानावर खुणेसाठी दुमडून ठेवलेली कागदाची चिठ्ठी निघाली. शिसपेन्सिलने एकाखाली एक लिहिलं होतं: सोसा १.४०, एवारिस्तो ३.१०, विधवा फुनेस ४.४०.

ती पाण्याच्या पाळ्यांची यादी होती, हे कळायला तिला क्षणही लागला नाही. अशा याद्या कोण करतं? पाटकरी. पाटकरी पाण्याचं दार उघडतो आणि पुढच्याची पाळी येईपर्यंत तासन्‌तास पाटाकाठी बसून राहतो. जून-जुलैत पाणी बंद, तेव्हा तो दिवसभर कंबरेइतक्या चिखलात पाट उपसत असतो. तिला खुदकन हसू आलं. डॉन आबेलार्दो! भेटलं की "नमस्कार" म्हणायच्या ऐवजी "तुमची पाळी पावणेतीनला" म्हणणारा, आता निवृत्त झालेला तो अबोल म्हातारा. तो ताऱ्यांवर वाचत होता.

हसता हसता तिने चिठ्ठी पुन्हा वाचली, आणि हसू ओठांवरच थांबलं. एवारिस्तो म्हणजे तिचे सासरे. ३.१० ही त्यांची पाळी. आणि शहाऐंशीचा नोव्हेंबर.

तो नोव्हेंबर त्या घरात कुणी विसरलेलं नव्हतं. एवारिस्तोंनी पीचची दोनशे कोवळी रोपं लावली होती. आठ दिवस गरम सोन्दा वारा भाजत होता आणि पाणी यायचं होतं त्या शुक्रवारी दुपारी. एवारिस्तो जेवून आडवे झाले. साडेचारला उठून पाहतात तर आपल्या चारीत टिपूस नाही आणि वरच्या अंगाला सोसाचं शेत तुडुंब. सोसाने माझ्या पाळीत दाराची फळी उचलून पाणी चोरलं, असं त्यांनी भर वस्तीत सांगितलं. सोसाने आईची शपथ घेतली, पण उपयोग झाला नाही. रोपं आठवड्यात वाळली, आणि नऊ वर्षं दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. डॉन आबेलार्दोवर कुणाचा संशय जाण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच्या घड्याळावरून चर्चचं घड्याळ लावत.

एल्सिराने चिठ्ठी पुस्तकात परत ठेवली. चार दिवस तिने ते पुस्तक उघडलं नाही. मेम्ब्रीयो मात्र त्या आठवड्यात एकदाही करपलं नाही. रुबेनने विचारलंही, "बरी आहेस ना?"

रविवारी ती वडीचा एक चांगला तुकडा कापडात बांधून डॉन आबेलार्दोच्या घरी गेली. तो एकटाच राहायचा, पाटाच्या वरच्या दारापाशी. त्याने खुर्ची पुढे केली, माते, म्हणजे तिकडचा नळीने ओढायचा कडू चहा, भरून तिच्या हातात दिलं आणि वाट पाहत बसला. वाट पाहण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

"दोनशे बारा तुमचा नंबर ना?" एल्सिरा म्हणाली.

त्याने किटली शेगडीवर ठेवली. "कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. तुमच्या मागोमाग वाचत आले."

"मधमाश्यांचं वाचलंस?"

"वाचलं."

"चांगलं आहे ते," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा क्षणभर एकदम तरुण दिसला. मग तिने पिशवीतून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली आणि तो चेहरा मावळला.

त्यानेच सांगितलं. त्या दिवशी सगळे झोपले होते, पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं. विलोच्या झाडाच्या सावलीत तो पुस्तक घेऊन बसला. जहाज समुद्राच्या मध्यावर होतं. मान वर केली तेव्हा सव्वाचार झाले होते. सोसाच्या दारातून पाणी अजून वाहत होतं.

"पळत जाऊन फळी टाकली. एवारिस्तोला वीस-पंचवीस मिनिटं तरी मिळतील असं वाटलं, पण पाणी पोचायलाच तेवढा वेळ लागतो. म्हटलं, संध्याकाळी सांगू. तोवर एवारिस्तोने सोसाचं नाव घेतलं होतं. म्हटलं, उद्या सांगू." त्याने पालथा हात तोंडावरून फिरवला. "एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी दुप्पट जड होतं ते. पुस्तक परत दिलं, आणि पुन्हा हातात धरलं नाही."

"ती तुमची शिक्षा?"

"तेवढी तरी."

एल्सिराला त्याचा राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही. पण उजव्या हातात डाव, डाव्या हातात पुस्तक आणि पातेल्यातून येणारा करपट वास हे सगळं तिला इतकं ओळखीचं होतं की तो राग टिकेना. तिची फक्त साखर जळत होती, एवढाच काय तो फरक.

"शिक्षा तुम्ही घेतली आणि चोर म्हणून सोसा फिरतोय," ती म्हणाली. "मी कुणाला सांगणार नाही, डॉन आबेलार्दो. पण मी रोज सासऱ्यांच्या समोर बसून जेवते. माझ्या पोटात फार दिवस राहायचं नाही, एवढं आधीच सांगून ठेवते."

"किती दिवस राहील?"

"पाट उपसायच्या दिवसापर्यंत."

मे संपता संपता पाणी बंद झालं आणि ज्याच्या त्याच्या हिश्शाचा पाट उपसायला सगळे फावडी घेऊन उतरले. पॉप्लर उघडेबोडके झाले होते, तळाला कुजक्या पानांचा हातभर थर साचला होता. एवारिस्तो खालच्या टोकाला, सोसा वरच्या टोकाला. एल्सिरा आणि विधवा फुनेस काठावर शेगडीवर किटली ठेवत होत्या. डॉन आबेलार्दो आला तो धुतलेला सदरा घालून, रिकाम्या हाताने. तो एवारिस्तोंसमोर उभा राहिला आणि पाळी सांगावी तशा आवाजात, तारखेसकट आणि वेळेसकट, सगळं सांगून मोकळा झाला.

फावडी एकेक करून थांबली. एवारिस्तो चिखलात उभे होते. त्यांनी आधी टोपी काढली, मग परत घातली.

"कसलं पुस्तक होतं?" त्यांनी विचारलं.

"जहाजाचं."

"समुद्र बघितलायस कधी?"

"नाही."

"मग?"

"म्हणूनच," डॉन आबेलार्दो म्हणाला.

एवारिस्तोंनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की रुबेन फावडं टाकून पुढे सरकला. पण एवारिस्तो आबेलार्दोला वळसा घालून निघाले आणि पाटाच्या तळातून, चिखल तुडवत, थेट वरच्या टोकापर्यंत चालत गेले. सोसा फावड्यावर हनुवटी टेकून उभा होता.

"फळी तू उचलली नव्हतीस," एवारिस्तो म्हणाले.

"नव्हती."

"मी तुला चोर म्हटलं."

"नऊ वर्षं," सोसा म्हणाला. "तुझं एक सोड. माझी बायको अजून रात्री विचारते, 'आता तरी खरं सांग, तूच उचललीस ना?'"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. एवारिस्तोंनी हात पुढे केला, मग तो चिखलाने माखलाय हे पाहून मागे घेऊ लागले. सोसाने तो तसाच धरला. "रोपं चांगली होती तुझी," एवढं सोसा म्हणाला, आणि दोघंही कामाला लागले.

डॉन आबेलार्दोला सगळ्यांनी इतक्या सहज सोडलं नाही. विधवा फुनेसने त्याला त्या दिवशी माते दिलं नाही आणि नंतरही पुष्कळ दिवस ती रस्ता बदलून जायची. नऊ वर्षांचं मौन तिच्या मते पाण्यापेक्षा मोठी चोरी होती, आणि एल्सिराला ते चूक म्हणता आलं नाही. रुबेन मात्र बायकोला रात्री म्हणाला, "तुला आधीच ठाऊक होतं. मेम्ब्रीयो करपत नव्हतं, तेव्हाच मला शंका आली."

जूनच्या पहिल्या मंगळवारी आबेलार्दो वाचनालयात गेला. ओफेलियाबाईंनी काही न विचारता त्याला दुसरा भाग काढून दिला.

त्याच आठवड्यात एका दुपारी एवारिस्तो एल्सिराच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. बाहेर धुकं होतं. मारिएला शाळेत होती. त्यांनी बराच वेळ टेबलावरचे पावाचे कण गोळा केले.

"सूनबाई, ते पुस्तक तुझ्याकडेच आहे म्हणे."

"पहिला भाग आहे."

"माझ्या दोनशे रोपांच्या किमतीचं असं काय होतं त्यात, तेवढं वाचून दाखव."

तिने चिठ्ठी होती ते पान उघडलं. वारा पडलेला होता. जहाज पाण्यावर नुसतं उभं होतं, शिडं लोंबत होती, माणसं कठड्याला रेलून क्षितिजाकडे पाहत होती. दीड पानभर तिथे दुसरं काहीही घडत नव्हतं.

"एवढंच?" एवारिस्तो म्हणाले.

"इथे एवढंच."

ते उठायला लागले, आणि पुन्हा बसले. "पुढे वारा सुटतो का?"

ती वाचत गेली. ते डोळे मिटून ऐकत होते. झोपले असावेत म्हणून ती थांबली, की हात हलवून पुढे म्हणायचे. असं आठवडाभर चाललं, रोज जेवणानंतर. शेवटचं पान संपलं तरी जहाज कुठल्याच बंदराला लागलेलं नव्हतं.

"राहिलेलं दुसऱ्या भागात आहे," एल्सिरा म्हणाली. "तो डॉन आबेलार्दोकडे आहे."

"मग तो कधी संपवणार?"

"ते तीन आठवडे ठेवतात."

एवारिस्तोंनी टोपी डोक्यावर दाबून बसवली आणि दाराकडे वळले.

"त्याला निरोप धाड," ते म्हणाले. "म्हणावं, लवकर वाच. इथे माणसं खोळंबलीत."