तीस सेकंदांचा आवाज

भूलवाला पहिल्यांदा अवतरला तेव्हा पेट्रोल पंपाच्या छपरावरची समस्त कबुतरं एकदम उडाली आणि त्यांतली निम्मी अजून परतलेली नाहीत, असं रविवारची मंडळी शपथेवर सांगतात. आधी आवाज आला. हवा भरायच्या यंत्राजवळ आपापल्या मोटरसायकली टेकवून उभ्या असलेल्या डझनभर माणसांना वाटलं, पंपाची टाकीच फुटली. एकाने घाईघाईने हेल्मेट चढवलं, तेही उलटं. मग कोपऱ्यावरून एक मोटार वळली. ती इतकी बुटकी होती की काही जणांनी ती येताना पाहिलीच नाही, नुसती वाऱ्याची झुळूक पोटऱ्यांना लागल्यासारखं वाटलं. काकांना मात्र ती दिसली. नुकत्याच उपटलेल्या दाताच्या जागेसारखी लालभडक, दोन माणसांची, वय तिशीच्या पुढचं.

दार उघडलं. एक बूट बाहेर आला, मग गुडघा, मग बराच वेळ काहीच नाही. मंडळी चिंतेत पडली. शेवटी एक सव्वासहा फुटी माणूस घडीची खुर्ची उलगडावी तसा टप्प्याटप्प्याने उलगडला आणि म्हणाला,

"काका कोण?"

सगळ्यांनी बोट दाखवलं.

"मग मी योग्य जागी आलो," तो म्हणाला आणि काकांचा हात दोन्ही हातांत धरून असा हलवला की त्यांच्या बंडीच्या खिशातला पाना खाली पडला.

माणूस डॉक्टर होता. ऑपरेशनच्या आधी भूल द्यायचं काम करायचा.

"अच्छा, म्हणजे दिवसभर लोकांना झोपवायचं आणि सकाळी हिच्यातून हिंडून सगळ्यांना उठवायचं!" कोणीतरी म्हणालं, आणि तिथल्या तिथे त्याचं बारसं झालं. भूलवाला.

काकांचं बारसं कधी झालं हे कोणालाच आठवत नव्हतं. वय एक्कावन्न, लग्न नाही, सख्खा पुतण्या एकही नाही, आणि तरीही एकशे चाळीस लोक त्यांना काका म्हणत. हे एकशे चाळीस लोक मोबाइलवरच्या 'रक्तात पेट्रोल' नावाच्या ग्रुपवर होते. त्यांतले डझनभर रविवारी पंपावर येत, बाकीचे नुसते मोबाइलमधून घुरघुरत. नवख्याने मोटरसायकल घेतली की काका त्याला सांगत, "पुढचा ब्रेक दाबायचा नसतो हो, पिळायचा असतो, ओलं फडकं पिळतो तसा. आणि वळणात खड्डा दिसला तर त्याच्याकडे बघायचं नाही. बघितलंत की गेलात." स्वतःच्या एका सिलिंडरच्या जुन्या मोटरसायकलवर ते असे ताठ बसत की मागून बघणाऱ्याला वाटावं, कोणीतरी कपाट नेतंय.

ग्रुपचा एक दंडक होता, तो काकांनीच घालून दिलेला. इंजिनाबद्दल काही विचारायचं असेल तर शब्द खर्च करायचे नाहीत. तीस सेकंदांचा आवाज पाठवायचा: दहा सेकंद मंद, दहा सेकंद चढता, दहा सेकंद उतरता. मग प्रत्येकाने आपापलं मत ठोकून द्यायचं. कोणी कार्ब्युरेटर म्हणे, कोणी प्लग, एकजण कायम 'साखळी' म्हणे, मोटारीला साखळी नसली तरी. सगळ्यांचं झालं की काका बोलत आणि तो शेवटचा शब्द. काका बोलेपर्यंत कोणी पान्याला हात लावायचा नाही.

काकांचा धंदा कवळ्या बनवण्याचा. एका अरुंद इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. पुढे काम, पडद्यामागे पलंग. दातांच्या दवाखान्यांतून ठसे येत, काका प्लास्टर ओतत, मेण लावत, एकेक दात बसवत. फटीत केसाएवढा फरक राहिला तर गिऱ्हाईक पहिल्या घासाला शिव्या देणार, हे त्यांना पक्कं ठाऊक. फळीवर चाळीसेक जबडे मांडलेले असत, सगळे उघडे, पण बोलणारा एकही नाही. ताई दर महिन्याला फोन करायची, "जेवतोस ना रे वेळेवर?" विचारायची आणि उत्तर यायच्या आत दुधाच्या भांड्याकडे पळायची.

म्हणून ते तीस सेकंद. कानात तारा खुपसून, हातातली कवळी घासायच्या चाकावर धरायच्या आधी, काका आवाज ऐकत. इंजिन तर ऐकतच, पण इंजिनामागे जे असे तेही ऐकत. कुठे कुकरची शिटी, कुठे "अहो, पुरे आता, पाहुणे आलेत!" असा बायकोचा वरच्या पट्टीतला आवाज, कुठे दारावरची घंटा. लोकांना वाटे, काका फार बारकाईने ऐकतात, तीन-तीनदा ऐकतात. ऐकत होते, ते खरंच.

आता त्या पहिल्या रविवारी काय झालं ते सांगितलं पाहिजे, कारण सगळं रामायण तिथून सुरू झालं. भूलवाल्याने लाल गाडीभोवती काकांना तीन प्रदक्षिणा घालायला लावल्या आणि विचारलं, "काका, हिला काय करू?" गाडी सुधारायचा सल्ला मागणाऱ्याला काका नेहमी उलट एकच प्रश्न विचारत: "गाडी उभी कुठे करता?" त्या दिवशी मात्र कोणीतरी त्यांना शोधत आलं होतं, दोन्ही हातांनी हात धरत होतं, आणि काका हवेत होते. "दोन इंच खाली घ्या," ते म्हणाले. "आखूड स्प्रिंगा टाका. गाडी रस्त्याला चिकटेल."

भूलवाल्याने दोन आठवड्यांत आखूड स्प्रिंगा टाकल्या. गाडी रस्त्याला चिकटली. मग तो ती घरी घेऊन गेला. घर म्हणजे सात मजली इमारत, गाड्या तळघरात, आणि तळघराचा उतार घसरगुंडीसारखा. तोंडाशी गाडी पोटावर टेकली, खर्रर्र आवाज झाला, पुढच्या बंपरखालची झालर तुटून वरच राहिली आणि गाडी खाली पोचली. वर काही येईना. चढ संपतो त्या जागी पोट टेके आणि मागची चाकं नुसती फिरत.

इलाज एका ओळीचा होता: जुन्या स्प्रिंगा परत घाला. काकांना तो पहिल्याच संध्याकाळी सुचला. पण एकदा खाली घेतलेली गाडी परत उंच करणं म्हणजे ग्रुपमध्ये नाक कापून घेणं, आणि इथे तर नाक काकांचं. ते म्हणाले, "बघू. विचार करतो. आवाज पाठवा."

तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी साडेसातला, तळघरातून तीस सेकंद येत आणि मागोमाग फोन येई. काकांनी एक योजना मांडली. इंजिन अगदी मंद गतीवर स्थिर करायचं, म्हणजे फळ्या टाकून गाडी तिरकी, इंचाइंचाने वर काढता येईल. योजना चुकीची होती असं नाही. फक्त तिला अंत नव्हता. एकदा प्लगची फट कमी करायची, एकदा वाढवायची, एकदा हवेची सुई अर्धा फेरा. फोन दहा मिनिटांचा असायचा, मग तो वीस मिनिटांचा झाला. भूलवाला दवाखान्यातल्या गमती सांगायचा. एका पेशंटला भूल देताना "दहापासून उलटे आकडे मोजा" म्हटलं तर तो म्हणाला, "आधी तुम्ही मोजून दाखवा." काका इतके हसले की हातातला वरचा जबडा खाली पडून फुटला. त्यांनी तो रात्रभर जागून नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी आरामात पुन्हा बनवला. मंगळवारी आणि शुक्रवारी ते सात वाजताच दिवा घासून, टेबल पुसून बसत.

गाडी वर आली की फोन थांबतील, हे त्यांना कळत होतं. त्यावर ते फार विचार करत नसत. सुई अर्धा फेरा.

दोन महिने असे गेले. मग एका शुक्रवारी आलेला आवाज चार मिनिटांचा निघाला. भूलवाला बटण बंद करायला विसरला होता. काकांनी तारा कानात घातल्या. दहा सेकंद मंद, छान. दहा चढता, दहा उतरता, छान. इंजिन बंद झालं आणि मागून एका म्हाताऱ्या बाईचा खणखणीत आवाज आला.

"बसू का आता?"

"बस. आधी बसायचं, मग पाय आत. सांभाळून आई, डोकं!"

"अरे, ही गाडी आहे का परात? बसले बाई. आता?"

"आता काही नाही. काकांचं उत्तर येऊ दे."

"कोण रे हे काका? कोणाचे काका?"

"ग्रुपवरचे. त्यांना सगळं कळतं गाड्यांतलं."

"मग विचार त्यांना, मी धाकट्याकडे जायच्या आधी ही वर उजेडात येणार का? एकतीसला निघायचंय मला. आणि तिकडे गेले की गेले, परत इकडे कोण आणतंय मला या वयात."

"येईल गं. विचार करताहेत ते."

"दोन महिने? एवढ्यात माणूस चंद्रावर जाऊन येतो. सुचत नसेल तर नाही म्हणावं ना सरळ!"

"आई, त्यांना नाही म्हणता येत नसेल असं नाही. ते नीट करतात सगळं. मुद्दाम कोण कशाला वेळ लावेल?"

"तुला सगळेच चांगले. बरं, थोडी फिरव."

मग भूलवाला तोंडाने इंजिनाचा आवाज काढू लागला. पन्नाशीला आलेला सव्वासहा फुटी डॉक्टर, बंद गाडीत, भुर्रर्र, आणि मध्येच "वळण आलं, धर!" म्हातारी हसत होती. मग "पुरे. आता हात दे, बसले खरी पण उठू कशी?" आणि मग बरंच धापा टाकणं.

काका पहिल्यांदा ऐकताना हसले. दुसऱ्यांदा हसले नाहीत. तिसऱ्यांदा 'मुद्दाम कोण कशाला वेळ लावेल' इथे थांबले आणि कानातल्या तारा काढून ठेवल्या. एकतीस तारखेला नऊ दिवस होते.

फोन आला तेव्हा त्यांनी नमस्कारही करू दिला नाही.

"जुन्या स्प्रिंगा आहेत का?"

"माळ्यावर आहेत. का?"

"परत घालू."

"म्हणजे गाडी उंच करायची? पण तुम्हीच तर म्हणालात..."

"चुकलो मी. तुमचा उतार न विचारता बोललो. आणि हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं."

पलीकडे भूलवाल्याने गाडीचं दार लावल्याचं ऐकू आलं.

"मग बोलला का नाहीत काका?"

उत्तर काकांच्या तोंडाशी आलं होतं. तुम्ही फोन करत होतात म्हणून. ते म्हणाले, "विचार करत होतो."

"बरं," भूलवाला म्हणाला. नेहमीपेक्षा लवकर त्याने फोन ठेवला.

रविवारी सकाळी काका पंपावर न जाता तळघरात गेले. जॅक लावले, चाकं काढली, आखूड स्प्रिंगा उतरवल्या. काम साडेतीन तासांचं निघालं. भूलवाला बॅटरी धरून उभा होता आणि विचारलेलं तेवढंच बोलत होता. "इकडे प्रकाश." "हं." काकांनी दोनदा त्या उलटे आकडे मोजणाऱ्याचा विषय काढून बघितला. "हो, गमतीशीर होता," भूलवाला म्हणाला. ग्रुपवर तोपर्यंत बातमी फुटली होती आणि 'काकांनी गाडी उंच केली' यावर पंचेचाळीस संदेश आले होते. साखळीवाल्याने लिहिलं होतं, 'आता हिच्यावर सामान लादायचं कॅरियरही बसवा.'

बारा वाजता आई खाली आली. काठी, जाड चष्मा, डोक्याला स्कार्फ घट्ट बांधलेला. तिने काकांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्हीच का ते विचार करणारे?"

"हो," काका म्हणाले.

"झाला?"

"झाला, आई."

"बरं झालं. हात द्या इकडे, याला नीट बसवता येत नाही."

काकांनी तिला बसवलं. आधी बसणं, मग पाय, डोक्यावर हात धरून. पट्टा लावून दिला. भूलवाल्याने गाडी सुरू केली. मंद आवाज दोन महिन्यांच्या घासूनपुसून केलेल्या कामामुळे असा गोड आला होता की काका क्षणभर सगळं विसरून ऐकत राहिले. गाडी उतारावर चढली, तोंडाशी नाक उचललं, कुठेही न टेकता पलीकडे गेली. वरच्या उजेडात म्हातारीचा "अगं बाई!" ऐकू आला आणि मग आवाज लांब गेला.

काका तळघरात थांबले. त्यांची मोटरसायकल वरच उभी होती. मागोमाग निघता आलं असतं, पण या म्हणून कोणी म्हणालं नव्हतं. त्यांनी पाने पुसले, मापाप्रमाणे लावले. मग एका खांबाला टेकून बसले. दुसऱ्या कोणाचीतरी गाडी आली, तिच्या मालकाने विचारलं, "कोणाकडे आलात?" काकांना पटकन नाव आठवेना, मग आठवलं.

पाऊण तासाने लाल गाडी परत आली. आईला उतरवायला दोघं लागले.

"कशी वाटली?" काकांनी विचारलं.

"कंबर गेली हो," आई म्हणाली. "दर खड्डा मोजून घेतला. शेजारी बोललेलं ऐकू येत नाही, वारा तोंडात. याच्या वडिलांची स्कूटर बरी होती. पण आणलंत वर, उपकार झाले." आणि काठी टेकत ती लिफ्टकडे गेली. भूलवाल्याने काकांना धन्यवाद म्हटलं. मनापासून म्हटलं, हात एकाच हाताने हलवला.

मंगळवारी साडेसातला काका दिवा घासून, टेबल पुसून बसले. फोन आला नाही. शुक्रवारी तेच. पुढच्या मंगळवारी त्यांनी स्वतः लावला. "गाडी मस्त आहे काका, काहीच त्रास नाही," भूलवाला म्हणाला, आणि त्यावर विचारण्यासारखं काही उरलं नाही.

त्याआधी एकतीसलाच आई धाकट्याकडे गेली होती. त्यानंतर महिन्याभरात भूलवाल्याने गाडी विकून टाकली, चार दारांची घेतली आणि ग्रुप सोडला. काकांना ते दोन दिवसांनी कळलं.