गिरणीतला मक्या

नेरे गावात हेमलतेची पिठाची गिरणी आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत आहे. त्यामुळे तिच्या घरातली बातमी तिच्या नवऱ्याच्या आधी मला कळते. कैलास बिचारा कंपनीची बस चालवतो, झोपण्यापुरता घरी येतो. मला वेळच वेळ.

हेमलता हट्टी आहे, हे मी तिच्या तोंडावरही सांगते. माले गावाहून लग्न होऊन आली तेव्हा गिरणी सासरा चालवायचा. तो गेल्यावर सगळे म्हणाले, विकून टाका, चक्कीच्या दगडाला टाकी लावून धार काढणं काय बाईचं काम आहे का? हिनं छिन्नी-हातोडी हातात घेतली. दोन महिने सगळ्या गावानं भरडा खाल्ला. माझ्या नवऱ्यानं तर भाकरी चावता चावता दाढ हलवून घेतली. तिसऱ्या महिन्यापासून नांदे गावचे लोक वाटेतल्या दोन गिरण्या सोडून हिच्याकडं दळण आणायला लागले. अशा बाईच्या पदरात साप पडला, तर ती काय करणार?

पडला तो वरच्या खोलीतल्या भाडेकरूमुळे. निषाद नाव त्याचं. कंपनीनं त्याला जर्मनीला पाठवलं, आणि काचेच्या पेटीतला साप काही विमानात नेता येईना. अडीच हात लांब, शेंदरी रंगाचा, पाठीवर तांबडे चट्टे. बिनविषारी, परदेशी जातीचा. निषादचा मित्र जिन्यातच म्हणाला, "टेकडीवर सोडून दे ना यार."

हेमलता जिना झाडत होती. तिनं विचारलं, "टेकडीवर काय खाईल त्यो?"

"काकू, जगणारच नाही बहुतेक. पेटीतच वाढलाय," निषाद म्हणाला.

"मग ऱ्हाऊ दे हितंच."

संपलं. निषादनं सापाचे कागद तिच्या नावावर केले, दोन पानं भरून सूचना लिहून दिल्या आणि गेला. इंग्रजीत त्याला मक्याचा साप म्हणतात म्हणे. पोटाखाली काळे-पांढरे चौकोन असतात, कणसावरच्या दाण्यांसारखे. हेमलतेनं दुपारपर्यंत त्याचं नाव मक्या करून टाकलं.

"उंदीर खातो ना? मग चांगल्या घरी आला," मी म्हटलं. "तुझ्या गिरणीत उंदरांना काय तोटा?"

"न्हाई शुभाताई. हितल्या उंदरानं औषध खाल्लेलं असतं, आन् जित्ता दिला तर उलटा चावतो. ह्याचे येगळे येत्यात. बर्फातले."

ते बर्फातले कुठं ठेवले असतील? सोनपापडीच्या डब्यात, फ्रीजच्या वरच्या कप्प्यात. डब्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'मक्याचं'. मी बर्फ मागायला गेले होते. मला वाटलं, मक्याचं काही गोड केलंय. त्यानंतर मी आठ दिवस सोनपापडी खाल्ली नाही, आणि हेमलता आठ दिवस हसत होती.

पण तिचं हसू लवकरच आटलं. मक्या खाईना.

सगळं सूचनेप्रमाणे चाललं होतं. उंदीर कोमट पाण्यात वितळवायचा, चिमट्यात धरून समोर हलवायचा. मक्या जीभ काढायचा, डोकं मागं घ्यायचा आणि लपायच्या मडक्यात जाऊन बसायचा. पहिल्या आठवड्यात हेमलता म्हणाली, नवी जागा हाय. दुसऱ्या आठवड्यात निषादला फोन लावला. तो म्हणाला, हाताळू नका. तिनं हात लावायचा बंद केला, फक्त वजनापुरतं उचलायची. वजन कुठं, तर गिरणीच्या काट्यावर, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून. चारशे दहा ग्रॅम. मग तीनशे नव्वद. मग तीनशे बहात्तर. बाया गहू काट्यावर ठेवायच्या आधी विचारायच्या, "काटा पुसलाय का गं?" ती म्हणायची, "पुसलाय. तुमच्या गव्हातले किडे त्याच्यापेक्षा जास्त हायेत."

बोलायची अशी, पण रोज दुपारी मोठं दळण लावलं की पेटीसमोर बसायची. पेटी ठेवली होती गिरणीच्या भिंतीला लागून. पावसाळ्यात अख्ख्या घरात तेवढीच भिंत कोरडी आणि उबदार. तिथंच कुरडया वाळतात, तिथंच कैलासचा गणवेश वाळतो, तिची पोरंही तान्ही असताना तिथंच झोपली. पलीकडं चक्की चालू असली की मक्याच्या पाण्याच्या वाटीत बारीक लहरी उठायच्या. मी म्हटलं, "तुझ्या सापाची वाटीसुद्धा थंडीनं कापतीय. गोधडी घाल." ती हसली नाही.

पाचव्या आठवड्यात तिच्या सासूबाईंनी तोंड उघडलं. तुळजाबाई म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी, बोलते थोडं, पण बोलली की दगडाला टाकी.

"हेमे, घरात आणलेलं जित्राब उपाशी मरू देयाचं न्हाई. पंचमीपोत्तर खाल्लं तर ऱ्हाईल. न्हाईतर सर्पमित्राला बोलव. त्यो नेईल."

"खाईल, आत्या."

"न्हाई खाल्लं तर?"

"खाईल म्हन्ते ना."

नागपंचमीला बारा दिवस होते. आता मी माझं पाप सांगते. मी नळावर सहज म्हटलं होतं की हेमलतेच्या सापाच्या पेटीतून रात्री तांबडा उजेड दिसतो. तो उजेड पेटीची ऊब मोजणाऱ्या यंत्राचा, हे मला माहीत होतं. पण नळावर यंत्राची गोष्ट कोण ऐकतं? दोन दिवसांत तो नागमणी झाला.

आमच्याकडं पंचमीला चिरत नाहीत, तळत नाहीत, तवा ठेवत नाहीत, आणि जात्याला हात लावत नाहीत. म्हणून गिरणी बंद. आदल्या दिवशी भावाचा उपवास, तेव्हा हेमलतेनं दुपारीच चक्कीचा पट्टा उतरवून ती थांबवली होती. पंचमीला सकाळी दहा वाजता तिच्या दारात सोळा बाया उभ्या. दूध, लाह्या, हळदीकुंकू. पुढं लीलाबाई, लोटा घेऊन.

हेमलता उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "साप दूध पीत न्हाई. पेटीत ओल झाली तर त्याच्या अंगाला बुरशी धरंल."

"अगं, देव हाय त्यो."

"असंल. पण सध्या माज्याकडं हाय."

"मग लांबून तरी बघू दे."

"त्याला माणसं बघून भ्या वाटतं. मला बी वाटाय लागलंय. ते दूध घरी जाऊन पोरास्नी द्या."

लीलाबाई माझ्याकडं बघायला लागली. मी अंगणातल्या चपला मोजत होते. तासाभरानं बाया वारुळाकडं गेल्या, आणि मी मागच्या दारानं आत शिरले. इतक्या वर्षांत ते घर एवढं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं.

हेमलता पेटीसमोर उकिडवी बसली होती. मला वाटलं रडतीय. ती वाटीकडं बघत होती.

"शुभाताई, पाणी बघा."

पाणी काचेसारखं स्थिर होतं. लहर नाही.

"ह्याला कान न्हाईत. ह्यो पोटानं ऐकतो. निषादनं लिवलं होतं, गोंगाटापासून लांब ठेवा. मी म्हटलं, कान न्हाईत तर कसला गोंगाट? सहा आठवडं मी ह्याला चक्कीत बसवलाय."

ती उठली. सोनपापडीचा डबा काढला. उंदीर कोमट पाण्यात पडायला आणि तुळजाबाई दारात यायला एकच गाठ पडली.

"आज जीव मारायचा न्हाई, हेमे."

"आत्या, त्यो आधीच मेलाय."

"आज पंचमी हाय."

"पंचमीपोत्तर म्हनला होता तुमी. आज पंचमीच हाय."

म्हातारी भिंतीला टेकून खाली बसली. मग म्हणाली, "चिरायचं न्हाई, तळायचं न्हाई, तव्यावर ठेवायचं न्हाई. व्हय?"

"व्हय."

"ह्यो तर अख्खाच गिळतो."

हेमलतेनं चिमटा पेटीत घातला. मडक्यातून डोकं बाहेर आलं. जीभ. पुन्हा जीभ. मग चिमट्याला असा हिसका बसला की हेमलता मागं पडली. मक्यानं उंदराला दोन वेढे घातले होते. जबडा उघडला, आणि सावकाश, अगदी पंगतीला बसल्यासारखं, गिळायला लागला.

"देवा," तुळजाबाई म्हणाल्या. "चावतसुद्धा न्हाई."

उंदराची शेपटी आत गेली तशी हेमलतेनं पदरानं तोंड पुसलं. पण तिचं काम संपलं नव्हतं. उद्या चक्की सुरू होणार. वरच्या खोलीची फरशी चक्कीच्या डोक्यावर. चक्कीपासून लांब, पार मागं, खोली एकच. तुळजाबाईंची.

तिनं विचारलंसुद्धा नाही. नुसती सासूकडं बघत उभी राहिली.

"खाटंखाली न्हाई चालायचं," म्हातारी म्हणाली. "कोपऱ्यात ठिव. झाकण घट्ट हाय ना?"

खाल्ल्यावर दोन दिवस सापाला धक्का लागू द्यायचा नाही, असं त्या दोन पानांत लिहिलं होतं. म्हणून हेमलतेनं दोन दिवस गिरणी उघडली नाही. लोक पिठासाठी ओरडले. तिनं दारावर खडूनं लिहिलं, 'चक्की शनिवारी'. आणि शनिवारी पहाटे मी न् ती, दोघींनी पेटी ओंजळीत पाणी न्यावं तशी मागच्या खोलीत नेली.

मग तिनं चक्की सुरू केली, चालू चक्की सोडली आणि मागं धावली. मी तिच्या मागं. तुळजाबाई खाटेवर बसून पेटीकडं बघत होत्या. वाटीतलं पाणी जागच्या जागी होतं.

"जा," त्या म्हणाल्या. "दळण जळंल. मी हाय हितं."