कात्री उचलायच्या आधी

विजयादशमीला रंगनाथ मास्तरांनी पहिलं कापड कापल्याशिवाय त्या कारखान्यात एकही मशीन सुरू होत नसे. रीत एका दिवसाची. पण मशीनवरच्या बायकांनी ती वर्षभराची करून टाकली होती. मास्तर डबा उघडतील तेव्हा जेवायचं, मास्तर चपला घालतील तेव्हा निघायचं. म्हैसूरच्या या गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ते तरुणपणापासून कटिंग मास्तर होते. घराणं शिंप्यांचं, विठ्ठलाचं. कात्री कशी धरायची हे त्यांना शिकवावं लागलं नाही. मान कशी ताठ धरायची हे मात्र कुणीतरी शिकवायला हवं होतं. साहेबासमोर उभे राहिले की मास्तरांचा आवाज अर्धा व्हायचा.

बायका मास्तरांमागे चालतात आणि मास्तर साहेबासमोर वाकतात, या दोन्ही गोष्टी कंपनीला पक्क्या ठाऊक होत्या. म्हणून तर दसऱ्याच्या आधी एचआरच्या विश्वेश साहेबांनी सगळ्यांना सोडून मास्तरांनाच केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला, आणि मग दोन कागद पुढे सरकवले. एकात लिहिलं होतं, मी स्वखुशीने राजीनामा देत आहे. दुसऱ्यात, एका कंत्राटदाराकडे अकरा महिन्यांच्या करारावर कामाला लागत आहे. टेबल तेच, काम तेच, कात्रीसुद्धा तीच. फक्त कागदावर माणूस नवा.

"पहिली सही तुमची, मास्तर. आयुधपूजेला, सगळ्यांसमोर. तुम्ही केलीत की बायका करतील. तिकडे तुम्हाला सुपरवायझर करतो," विश्वेश म्हणाले. मग कप उचलता उचलता हळूच म्हणाले, "नाही केलीत, तर पुढचं माझ्या हातात नाही."

या वयात फाटकाबाहेर पडल्यावर दुसरं कोण दारात उभं करणार? संध्याकाळी ते सरस्वतीपुरमला वादिराज वकिलांकडे गेले. वकिलांचे काळे कोट मास्तरांच्याच हातचे. वकिलांनी कागद वाचले आणि चष्मा काढून ठेवला.

"कायद्यानं दिलेला हक्क करारात चार ओळी लिहून काढून घेता येत नाही, मास्तर. पण राजीनामा तुम्हीच दिलात की नोकरीची सलगता तुटली. मग जबरदस्ती झाली होती, हे कोर्टात तुम्ही सिद्ध करत बसा. हक्क तुमच्या हातानंच सोडून हवेत त्यांना. म्हणून तर चहा पाजला."

परतताना मास्तरांच्या डोळ्यांसमोरून तुळसी हलेना. बन्नूरहून बसनं रोज येणारी, त्यांना मामा म्हणणारी, सातवा महिना लागलेली पोर. बाळंतपणाची पगारी रजा तिला मिळणार होती ती या जुन्या नोकरीवर. मास्तरांनी सही केली, तर त्यांच्या पाठोपाठ डोळे मिटून सही करणाऱ्यांत तुळसी पहिली असणार होती. असला विश्वास माणसाला झोपू देत नाही.

खंडेनवमीला, म्हणजे आयुधपूजेला, मशीनं धुऊन पुसून फुलांनी सजली. दारात कुंकू भरलेला कोहळा फुटला. चामुंडी देवीच्या तसबिरीपुढे कात्र्या, टेपा, खडू मांडले, आणि मास्तरांनी ऑफिसातली पेनंही आणून ठेवली. विजयादशमीच्या सकाळपर्यंत यांतल्या कशालाच हात लावायचा नाही. बिचाऱ्यांचा बेत एवढाच होता.

"आज आयुधं उचलत नाहीत, साहेब," विश्वेश कागद घेऊन आले तेव्हा मास्तर पुटपुटले. "पेनपण पूजेत आहे."

विश्वेश हसले. खिशातून स्वतःचं पेन काढून त्यांनी टोपण उघडलं. "हे नाही ना पूजेत?"

बेत फसला होता, आणि लपवण्यात अर्थ नाही, मास्तरांचा उजवा हात पुढे झालाही होता. भीतीनं माणूस असाच हात पुढे करतो. तेवढ्यात मशीनांना कुंकू लावत फिरणारी तुळसी ताट घेऊन मध्ये आली. तिनं मास्तरांचा तळवा धरला आणि त्यावर कुंकवाची बोटं ओढली.

"मामा, कात्री म्हणजे सुम्मने, नुसतं लोखंड. कापतो तो हात. तोपण पूजेला बसला. आता उद्यापर्यंत कायपण बेडा, नकोच."

"हौदु, हौदु!" मागून दोन-तीन बायकांनी हो म्हणत री ओढली. देवीसमोर वाद घालायची विश्वेशना हिंमत झाली नाही. त्यांनी टोपण लावलं. "ठीक. उद्या सकाळी," म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुट्टीच; पण सकाळी येऊन आयुधं उचलायची, पहिलं कापड कापायचं, घटकाभर मशीनं चालवायची आणि मग हत्तींची जंबो सवारी बघायला पळायचं, ही रीत. मास्तर आले तेव्हा कटिंगच्या टेबलावर नवं कापड पसरलेलं होतं आणि त्यावर ते दोन कागद. शेजारी विश्वेश उभे. बायका आपापल्या मशीनमागे बसलेल्या.

"पूजा संपली," विश्वेश म्हणाले. "आधी सही, मग कात्री. आज तर काही अडचण नाही ना?"

मास्तरांनी तळव्याकडे पाहिलं. धुऊनही कुंकवाची लाली राहिली होती, पण आज ती कामाची नव्हती. तुळसीकडे ताट नव्हतं. तीही नुसती बघत होती.

"नाही साहेब, अडचण नाही," मास्तर म्हणाले. तुळसीचा चेहरा पडला. "कालपण नव्हती. काल देवीच्या आड लपलो, या पोरीच्या आड लपलो. आज माझं मी सांगतो. मी सही करणार नाही."

आवाज अर्धाच होता, साहेबासमोर नेहमी व्हायचा तसा. पण मास्तरांनी अजून कात्री उचलली नव्हती. त्यामुळे एकही मशीन सुरू झालं नव्हतं, आणि तो अर्धा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ऐकू गेला.