मामांचा बिनचौकशीचा पूल

जगात चौकशीखातं म्हणून काही असेल, तर त्याचं मुख्य कार्यालय जळगावात माझ्या बायकोच्या मामांच्या ओट्यावर आहे. रस्त्याने जाणारा माणूस कोणाचा, कोणाकडे चालला, पिशवीत काय आहे, हे कळल्याशिवाय मामांच्या घशाखाली चहा उतरत नाही. एकदा आम्ही रिक्षाने स्टेशनवर गेलो. उतरेपर्यंत मला फक्त भाडं कळलं होतं. मामांना रिक्षावाल्याच्या साडूचं नरडाण्याचं घर, त्या घराचा वाद आणि मेहुणीचं लग्न का अडलंय, तेही ठाऊक झालं होतं. वर निघताना, "बठ्ठा बरा शेतस ना घरना?" अशी घरच्या सगळ्यांची विचारपूस आहेच.

अशा माणसाने घरात काय चालवावं? एक पूल! साबणदाणीएवढा कॉम्प्युटर, चोवीस तास चालू. ज्या देशात सरकारने इंटरनेट अडवलंय, तिथल्या माणसाला आडवाटेने बाहेरच्या इंटरनेटवर पोचवणारा. आणि गंमत अशी, की येणारा पुढे कुठे जातो, कोणाशी काय बोलतो, ते पूलवाल्यालाही कळत नाही. म्हणजे मामांना! मी म्हटलं, "मामा, तुम्हाला हे सोसतं कसं?" तर म्हणाले, "पोट दुखतं रे कधी कधी."

लाइट गेली की जुन्या इन्व्हर्टरवर ते यंत्र आणि राउटर एवढंच चालतं. मे महिन्यात पाहुण्यांनी वर्तमानपत्राने वारा घ्यायचा. मामी म्हणतात, "त्या डबडीला उकडतं, आम्हाला काय, आम्ही बर्फाचे!" पण बंद कर, असं त्याही कधी म्हणत नाहीत.

कारण त्यांची मुलगी वैशाली. परदेशात नर्स होती. तिथे दंगे उसळले, सरकारने नेट अडवलं, फोन लागेना. त्या दिवसांत मामा ओट्यावर बसत, पण जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारत नसत. अख्खी गल्ली हळहळली हो! मग एके दिवशी वैशालीचा निरोप आला, "मी बरी आहे." कुठल्याशा अनोळखी माणसाच्या अशाच पुलावरून आलेला. मामा रडले आणि म्हणाले, "मनी पोरले कोनी इचारं नही, तू कोन शे." त्याच महिन्यात त्यांनी हे यंत्र मांडलं.

यंदा वैशाली कायमची परतली, धुळ्याला नोकरीला लागली. रविवारी ती आली, मीही होतो. भर दुपारी लाइट गेली. घामाघूम होऊन ती म्हणाली, "बाबा, मी आलेय ना आता? करा की हे बंद. पुलाचा आकडा बघा, दिवसाला जेमतेम आठ माणसं येतात."

"आठ नाहीत गं," मामा म्हणाले. "माणूस ओळखू येऊ नये म्हणून आकडा फुगवून दाखवतात. एकच आला तरी आठ लिहितात."

"मग एकासाठी एवढं?"

मामांनी यंत्राकडे पाहिलं. "कोनी तरी माय तेनी वाट देखी राहिनी व्हई," ते म्हणाले.

पायात येणारी वायर वैशालीने भिंतीकडे सरकवली आणि बापाला खेटून फरशीवर बसली. मला त्या दोघांकडे बघवेना. लाइट आली का बघतो, असं म्हणून मी उगाच बाहेर जाऊन उभा राहिलो.