नाव, बापाचं नाव, मग ओढा

गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी मी एक मरळ मारली आणि तिचं पाप गंगारामकाकांच्या नावावर जाऊ दिलं. हे एवढं वाक्य बोलायला मला दहा महिने लागले. काका कसे आहेत ते मी सांगणार आहे, पण आधी हे सांगणं भाग आहे. नाहीतर पुढचं सगळं कौतुक खोटं ठरेल.

मी तेलुगू मुलखातल्या नार्नूरकडच्या एका मराठी शाळेत शिक्षक आहे. वय अठ्ठेचाळीस. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी सुरू केली आणि म्हणाले, काहीतरी छंद लावून घ्या. मी मोबाइलवर मासेमारीचे व्हिडिओ पाहू लागलो. परदेशातले लोक चकचकीत बोटीत उभे राहून ‘बास’ नावाचा मासा धरायचे. ते पाहून मी रॉड, रील, विणलेली दोरी आणि पोटात गळ बसवलेला रबरी बेडूक असं सगळं सामान घरपोच मागवलं. बास आपल्याकडे नसतो. पण पाणवेलीत दबा धरून बेडकावर तशीच झडप घालणारी आपली मरळ आहे, आमचे तेलुगू मित्र जिला कोर्रमीनू म्हणतात. तेच सामान तिला चालेल, असा माझा हिशेब होता.

पहिल्याच रविवारी तलावाच्या बांधावर उभं राहून मी जोरात रॉड फिरवला. बेडूक मागच्या बाभळीत जाऊन अडकला आणि रीलवर दोरीचा असा गुंता झाला, जणू सुगरणीचं घरटं.

“काऊन मास्तर,” मागून आवाज आला, “आजकाल मासे बाभळीवर बसून राह्यले काय?”

वळून पाहिलं तर सत्तरीचा एक बारकासा माणूस. डोक्याला दुपट्टा, हातात बांबूची काठी, दात मोजके पण हसू भरपूर. तेच गंगारामकाका. तलावाकाठच्या भोयांच्या वस्तीतले. मी खिशातून कात्री काढली तशी त्यांनी माझा हात धरला. “दोरी कापाले अक्कल लागत नाई. बसा.” तासभर बसून, बोटं थुंकीनं ओली करत, त्यांनी तो गुंता सोडवला. मग विचारलं, “कोनता मासा धराले आले?”

मी उगाच शहाणपणानं व्हिडिओतल्या माशाचं नाव सांगितलं. “बास.”

“बास?” ते खोकला येईपर्यंत हसले. “माशाचं नाव बास, न तुमाले तर थांबताच येत नाई!”

त्या दिवसापासून मी जिथे जिथे अती केलं, तिथे काकांचा एकच शब्द यायचा. रील जोरात गुंडाळली, “बास.” एकाच जागी दहादा बेडूक टाकला, “बास, मास्तर, थो बेडूक बी थकला.” मराठीतला हा इतका साधा शब्द इतक्या तऱ्हांनी उच्चारता येतो, हे मी मराठीचा शिक्षक असून त्यांच्याकडून शिकलो.

काकांची एक रीत होती. तलावावर आले की ते लगेच गळ टाकत नसत. तंबाखूची चिमूट गालात धरायची आणि तिची चव जाईपर्यंत नुसतं पाण्याकडे पाहत बसायचं. मी घाई केली तर म्हणत, “शाळेत पोरायची हजरी घेता नं? मंग पान्याची बी घ्या. कोन आलं, कोन नाई आलं.” मरळ हवा घ्यायला वर येते तेव्हा ‘चुब’ असा आवाज होतो. त्या आवाजावरून मासा केवढा, एकटा की जोडीनं, हे ते सांगायचे. मला सहा महिने तरी तो बेडकाचाच आवाज वाटत होता.

माझ्या सामानाची त्यांनी आधी भरपूर टर उडवली. रबरी बेडकाच्या रंगीत झालरी हातात धरून म्हणाले, “बेडूक व्हय का नवरदेव?” मग एका बाजूच्या झालरी दातांनी कातरून आखूड केल्या. मी ओरडलो, तर म्हणाले, “खरा बेडूक सरळ जाते काय? आता पाहा.” पाण्यात टाकल्यावर तो खरंच वाकडातिकडा, जिवंत असल्यासारखा पोहू लागला. पुढे तशीच कारागिरी मला त्या परदेशी व्हिडिओत दिसली. ती मी काकांना दाखवली. ते म्हणाले, “पाह्यलं? शिकून राह्यले बिचारे.”

सगळ्यात अवघड होतं ते ओढणं. मरळ बेडकावर पडली की पाणी फुटतं, काळजात धस्स होतं, आणि नवशिका माणूस त्याच क्षणी रॉड ओढतो. बेडूक तिच्या तोंडातून सुटून आपल्याच अंगावर येतो. माझं पाच वेळा असं झालं. तेव्हा काकांनी मंत्र दिला. “मासा पडला की मनात आपलं नाव घ्याचं. मंग बापाचं नाव घ्याचं. मंगच वढाचं.”

“नावच का काका? एक-दोन मोजलं तर?”

“आकडे मानूस घाईत खाते. बापाचं नाव कोनी खात नाई.”

माझे वडील संपत. लोकांच्या शेतात सालदार म्हणून राबले आणि मला शिकवलं. त्यांचं नाव पाण्याच्या काठावर मनात घेताना मला बरं वाटायचं. देविदास. संपत. ओढा. अशी मी पहिली मरळ धरली, हातभर लांबीची.

या तलावात मासे धरायचा हक्क वस्तीच्या सोसायटीचा आहे. बाहेरच्या माणसाला तिथे गळ टाकता येत नाही. माझ्यासाठी काकांनी बैठकीत शब्द टाकला होता. “मास्तर माहा मानूस हाय.” त्यावर कुणी प्रश्न विचारला नाही.

आणि एक नियम होता, कुठे न लिहिलेला. पावसाळ्यात एका दुपारी उथळ पाण्यात मला लाल काहीतरी सळसळताना दिसलं, कुंकवाची पुडी सांडावी तसं. शेकडो बारीक पिल्लं एकाच गोळ्यानं वर येत होती, खाली जात होती. त्यांच्या खालीच मोठी मरळ असणार, हे मी व्हिडिओत पाहिलं होतं. अशा वेळी ती भुकेनं नाही, रागानं झडप घालते. पिल्लांजवळ काहीही पडलं तरी घालते. मी रॉड उचलला. काकांनी तो खाली दाबला. त्या दिवशी ते हसले नाहीत.

“बास. थे लेकुरवाळी हाय. तिच्यावर गळ टाकत नाईत.”

“आई असते का ही?”

“बाप राह्यते बहुतेक. आई बी असते जवळ, पन राखन बापाची.”

“मग लेकुरवाळी कशी?”

“ज्याच्यामांगं लेकरं, थे लेकुरवाळी. मले बी बाया तेच म्हनत.” काकांची बायको पोर तीन वर्षांची असताना गेली. पोरीला पाठीला बांधून ते जाळं टाकायचे, हे वस्तीत मी ऐकलं होतं. त्यांनी स्वतः त्याबद्दल एवढंच एक वाक्य कधी काळी म्हटलं, ते हे.

लेकुरवाळी मारणाऱ्याला वर्षभर तलाव बंद. कोणीही असो.

आता माझ्या लाजेचा भाग. नंतर कित्येक आठवडे मला मोठा मासा मिळाला नाही. शाळेत सहकारी माझ्या डब्यात डोकावून विचारायचे, “कोर्रमीनू एक्कड सार? मरळ कुठाय? का बाजारातलंच वांगं?” मोबाइलवरच्या आमच्या गळवाल्यांच्या गटात रोज कुणीतरी फोटो टाकायचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी काका बैलांच्या झुली आणायला नार्नूरच्या बाजारात निघाले. जाताना मला म्हणाले, “तलावावर जासान तर लेकुरवाळीवर नजर ठेवजा. बगळे लय झाले.”

मी नजर ठेवायला गेलो. लाल गोळा वर आला. मी स्वतःला म्हणालो, फक्त एकदा. फक्त पाहू, धरली तरी सोडून देऊ. बेडूक पिल्लांच्या मध्ये पडला आणि पाणी फुटलं. मी नाव घेतलं नाही, बापाचंही नाही. गरजच पडली नाही. तिनं गळ खोल गिळला होता.

सोडायची होती, पण आधी फोटो काढायचा होता. एक नीट आला नाही, दुसरा काढला. मग तिसरा. तोवर तिच्या कल्ल्यांतून रक्त येत होतं. पाण्यात ठेवली तर ती आडवी झाली. पाठीमागे लाल गोळा तिथेच वर येत होता, खाली जात होता. मी पिशवीत मरळ घातली आणि घरी आलो. फोटो मी कधीच कुणाला पाठवला नाही.

बायकोनं विचारलं, “एवढी मोठी? काकांनी दिली का?”

मी म्हणालो, “हो.”

एवढंच. एका अक्षराचं उत्तर. ती साधी बाई. दोन दिवसांनी बाजारात वस्तीतली मासळीवाली भेटली तेव्हा बायकोनं तिला कौतुकानं सांगितलं, गंगारामकाकांनी दिलेली मरळ काय गोड होती! इकडे वस्तीत सगळ्यांनी पाहिलं होतं की लाल गोळा फुटला आहे आणि बगळे एकेक पिल्लू वेचत आहेत.

बैठक बसली. मी नव्हतो, पण मला नंतर कळलं. काकांना विचारलं, मास्तरला लेकुरवाळी तुम्ही मारून दिली का? ते म्हणू शकले असते की आपण त्या दिवशी बाजारात होतो. पण ते म्हणाले, “मास्तर माहा मानूस हाय म्हनून तुमाले म्याच सांगतलं होतं. मंग जे झालं थे माहंच.” त्यांना वर्षभर तलाव बंद झाला. ज्या पाण्याची त्यांनी पन्नास वर्षं हजेरी घेतली, त्या पाण्यावरून ते उठले आणि बेल्लमपल्लीला पोरीकडे गेले.

मी गेलो नाही. शाळा आहे, परीक्षा आहे, असं म्हणत राहिलो. रॉड माळ्यावर टाकला. बायको म्हणायची, “काकांकडे जाऊन या की, एवढा जीव लावला त्यांनी.” मी मान हलवायचो. वर्गात ‘खरे बोलावे’ हा धडा आला तेव्हा मी पोरांना तो मनातल्या मनात वाचायला सांगितला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शेवटी बेल्लमपल्लीची बस धरली. काकांचा जावई तिथे कोळसा खाणीत कामाला. क्वार्टरसमोर सिमेंटची पाण्याची टाकी होती आणि तिच्या कडेला काका बसले होते. गालात तंबाखू, नजर टाकीच्या पाण्यावर. मागून आगगाडी गेली तरी मान वळली नाही.

“या मास्तर,” ते म्हणाले. “या पान्यात कोनीच हजर नाई बापा.”

मी त्यांचे पाय धरले आणि बोलायला लागलो. त्यांनी मला वर ओढलं. “मले काऊन सांगता? मले त झुली घेऊन आलो त्याच दिवशी समजलं. तुमच्या बेडकाची झालर पडली होती तिथं.” मग म्हणाले, “गुंता जिथं झाला, तिथंच सुटते. इथं बेल्लमपल्लीत नाई सुटत.”

त्या संध्याकाळी घरी येऊन मी आधी बायकोला सांगितलं. तिनं ताट वाढलं आणि आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या अध्यक्षांना भेटून बैठक बोलवायला सांगितली, आणि काकांना फोन केला. ते बसनं आले. बांधावर, त्याच बाभळीखाली, सगळे बसले. मासळीवालीही होती. काका सगळ्यात मागे बसले, पाण्याकडे तोंड करून.

मी उभा राहिलो. मनातल्या मनात नाही, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं मी माझं नाव घेतलं. देविदास. मग बापाचं नाव घेतलं. संपत. मग म्हणालो, “पोळ्याच्या आदल्या दिवशी लेकुरवाळी मी मारली. काका बाजारात होते. घरी विचारलं तेव्हा मी काकांचं नाव सांगितलं. वर्षभराची बंदी माझी आहे, त्यांची नाही.” तिथेच थांबायला हवं होतं, पण मी पुढे बोलत गेलो. “खरं तर मी तिला सोडणारच होतो, पण गळ इतका खोल गेला होता की, आणि शाळेतले लोक सारखे...”

“बास, मास्तर,” मागून काका म्हणाले. पाण्यावरची नजर न काढता.

मी थांबलो. उरलेली सगळी कारणं गिळली. हात जोडले.

“काका, माझं चुकलं.”