पिशव्यांचा मासा

मंडळी, आज कोपरीला सुनंदाकडे गेलेले. ती माझी कॉलेजची मैत्रीण, घर कोळ्यांचं.

नव्वदच्या दशकात तिच्या बाबांच्या जाळ्यात मासळी कमी आणि प्लास्टिकच्या पिशव्याच जास्त यायच्या. ते वैतागून त्या परत खाडीत टाकायचे. मग तिच्या आईने त्या धुतल्या, पट्ट्या कापल्या आणि क्रोशाने माणसाएवढा मासा विणला. नारळी पौर्णिमेला तो होडीवर बांधला, तेव्हा सगळा कोळीवाडा बघत राहिलेला.

"त्यानंतर बाबा पिशव्या किनाऱ्यावर आणायला लागले," सुनंदा म्हणाली.

आज तिने तो माळ्यावरून काढला. निळापिवळा, फारच देखणा. इतक्या वर्षांत एक टाकाही विरलेला नाही.

त्या काळी आपण नाल्यात टाकलेल्या पिशव्या आज कुठे असतील?